हिवाळ्यातील मरुभूमी आणि तेथील सर्प

मार्गशीर्ष लागता लागता रायपूरच्या परिसरातील भाताची शेते मोकळी होतात आणि त्याबरोबरच सापांचे दर्शनही दुर्मिळ होते. श्रावण-भाद्रपदात ज्या बांधांवरून धामण सरसरत जाताना दिसे, ज्या ओसरीच्या कोपऱ्यात मण्यार सापडे, तेथे आता काहीच आढळत नाही. जशपूर जिल्ह्यातील फरसाबहार-तपकरा हा भाग सापांच्या विपुलतेमुळे ‘नागलोक’ म्हणून ओळखला जातो. परंतु तेथील ही ख्यातीही मुख्यतः पावसाळ्यातली आहे. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात नांदणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्या कुटुंबातील मुलगा नाताळच्या सुटीत राजस्थानकडे निघाला, तर त्याच्या मनात साहजिकच असे येते की, वाळवंट हा उष्ण देश. तेव्हा घरी न दिसणारे साप तेथे खात्रीने दिसतील. प्रत्यक्षात जैसलमेरच्या वाळूवर सकाळी सात वाजता हिंडणाऱ्यास साप दिसत नाही. तेथे त्याला दिसते ते दव, आणि अंगावर घोंगडी ओढून बसलेले उंटवाले.

मरुभूमी ही उन्हाळ्यात उष्ण असते म्हणून हिवाळ्यातही उष्ण असते, असे नाही. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली वाळूची उष्णता सूर्यास्तानंतर झपाट्याने निघून जाते. जानेवारीत रायपूरला रात्रीचे तापमान सरासरी १३ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. जैसलमेरला ते ८ अंशांच्या जवळ येते आणि काही रात्री याहूनही पुष्कळ खाली जाते. मनुष्य किंवा गाय खाल्लेल्या अन्नातून आपल्या शरीराची ऊब निर्माण करते. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. त्याला ‘थंड रक्ताचा प्राणी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो फसवा आहे. उन्हात तासभर पडून राहिलेल्या सापाचे रक्त आपल्या रक्ताइतके उष्ण असू शकते. उसन्या उष्णतेवर जगण्याचा एक मोठा लाभ असा की, सापाला अन्न फार थोडे लागते आणि तो कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. त्याची अडचणही तेथेच आहे. शरीर थंड झाले की स्नायू मंदावतात, पचन थांबते आणि गिळलेले भक्ष्य पोटातच कुजण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कडाक्याच्या थंडीपूर्वी साप खाणे सोडतात आणि बिळात शिरतात.

बीळ म्हणजे नेमके काय साधन आहे, हे पाहण्यासारखे आहे. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या जमिनीतील हा चढउतार खोलीबरोबर वेगाने कमी होतो. सुमारे अर्ध्या मीटरखाली दिवस आणि रात्र यांतील फरक जवळजवळ नाहीसा होतो. वर दव गोठू पाहत असताना तेथे हवा समशीतोष्ण असते. सापाला स्वतः असे बीळ खणता येत नाही. तो उंदरांच्या घरात राहतो. वाळवंटातील उंदरांनी पोखरलेली केर आणि शमी यांच्या मुळांभोवतीची जमीन हे त्याचे हिवाळी वसतिस्थान होय. (दसऱ्याला आपण जिचे पूजन करतो तीच ही शमी, मारवाडात तिला खेजडी म्हणतात.) मांडुळाला मात्र परके घर लागत नाही. त्याचे आखूड, बोथट शेपूट आणि फावड्यासारखे मुस्कट वाळूत बुडण्यासाठीच घडलेले आहे.

तेव्हा शोध घ्यावयाचा तो वेळ पाहून. उन्हाळ्यात थरच्या वाळवंटातील बहुतेक साप रात्री हिंडतात, कारण दिवसाची वाळू त्यांना मारून टाकील. हिवाळ्यात हे वेळापत्रक उलटते. सकाळी दहा-साडेदहानंतर, वारा पडला असेल तर, झुडपाच्या दक्षिणेच्या अंगाला, बिळाच्या तोंडापासून हात-दोन हातांवर साप ऊन घेण्यास येतो आणि दुपार कलताच परत जातो. शोधणाऱ्याने साप पाहण्याच्या आधी वाळूवरील खुणा पाहाव्यात. कच्छ आणि थर येथील ‘पागी’ म्हणजे माग काढणारे लोक याच विद्येवर चोर आणि हरवलेले उंट शोधून काढीत. धावत्या सापाचा माग नागमोडी आणि अखंड असतो. परंतु वाळूवर एकमेकींपासून सुट्या, तिरक्या, एका टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या रेघा दिसल्या, तर ते फुरशाचे काम समजावे. हा साप सैल वाळूवर आडवा चालतो. एका वेळी त्याच्या शरीराचे एक-दोन भागच जमिनीस टेकतात व बाकीचे उचललेले असतात, त्यामुळे पायाखालून वाळू निसटत नाही. माग ताजा असेल तर वाळूचे कण रेघेच्या कडेवर तीक्ष्ण उभे असतात. वाऱ्याने ते तासाभरात बोथट होतात.

फुरसे हा मराठी वाचकांच्या परिचयाचा साप आहे. रत्नागिरीच्या जांभ्या दगडांच्या सड्यावर तो विपुल सापडतो. मरुभूमीतील फुरसे, ज्याला तेथे ‘बांडी’ म्हणतात, कोकणातील जातभाईहून पुष्कळ मोठे भरते. दोघेही डिवचल्यावर शरीराची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखराट करतात. रत्नागिरीचा एक जुना प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. फुरसे मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे, आणि १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या काही दिवसांत लोकांनी एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली. कोकणची थंडी ती केवढी, असे कोणी म्हणेल. तरीही साप हिवाळ्यात ‘नाहीसे’ होतात ही समजूत किती पोकळ आहे, हे त्यावरून कळते. आणि एवढ्या संहारानंतरही फुरसे रत्नागिरीतून संपले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या बक्षिसांचे दिवस मागे टाकले. जैसलमेर-बाडमेरच्या हद्दीवरील ३१६२ चौरस किलोमीटरांच्या मरू राष्ट्रीय उद्यानात, जे १९८० मध्ये घोषित झाले, साप पकडणे तर राहोच, बीळ उकरणे हाही अपराध होय.

उकरण्यात दुसरेही एक नुकसान आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हिवाळ्यात अजगर साळिंदरांच्या बिळांच्या तोंडाशी ऊन घेत पडलेले असतात आणि प्रवासी त्यांस पाहावयास जातात. माणसाची चाहूल फार जवळ आली की अजगर आत सरकतो. दिवसातून तीनदा असे झाले, तर त्याच्या वाट्याचे त्या दिवसाचे ऊन गेले. उकरलेल्या बिळातील सापाचे तर घरच जाते, आणि तेही ज्या ऋतूत त्याला दुसरे शोधण्याची शक्ती नाही अशा ऋतूत.

मरुभूमीतील सर्वांत भयप्रद साप मात्र प्रवाशास बहुधा दिसतच नाही. राजस्थानी खेड्यांत ‘पीवणा’ नावाच्या सापाविषयी असे सांगतात की, तो रात्री निजलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो. पीवणा म्हणजे सिंधी मण्यार, आणि छत्तीसगढातील करैत तिचीच बहीण. दंतकथा खोटी आहे, पण ज्यांनी ती रचली त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. मण्यारीचा दंश बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसास रात्री होतो; दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही राहत नाही. विषाने नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश तुटतो, पापण्या जड होतात आणि शेवटी श्वास थांबतो. पहाटे घरच्यांना दिसते ते एवढेच की श्वास कोणी तरी नेला. अशा रोग्यास यंत्राने श्वास देत राहिले आणि प्रतिविष वेळेवर मिळाले, तर तो वाचतो. बैगा-गुनियाकडे नेण्यात गेलेला वेळ भरून येत नाही. दोरी आवळणे आणि जखम चिरणे या दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत.

येथे एक अवघड प्रश्न उरतो. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते, आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसले की, वाळवंटातील फुरसे आणि सिंधी मण्यार यांच्या विषावर हे प्रतिविष पुरेसे प्रभावी नाही. दक्षिणेतील सापाच्या विषावर बेतलेले औषध उत्तरेतील सापाच्या विषास पूर्णपणे लागू पडत नाही. तरीही आज दुसरे औषध नाही, आणि तेच देणे प्राप्त आहे. म्हणून सुटीत सर्पदर्शनास निघणाऱ्याने घोट्याच्या वर येणारे बूट, काठी आणि विजेरी यांच्या जोडीस आणखी एक माहिती घ्यावी: जैसलमेर किंवा जोधपूर येथे श्वसनयंत्र असलेले रुग्णालय कोणते, आणि ज्या वस्तीवर मुक्काम आहे तेथून तेथवर पोहोचण्यास किती तास लागतात.