नव्या बर्फाची उतरण

काश्मीरात गुलमर्ग नावाचे ठिकाण आहे. हिवाळ्यात तिथे पुष्कळ बर्फ पडते. पायांना लांब पट्ट्या बांधून लोक त्यावरून घसरत खाली येतात. ह्या खेळाला स्कीइंग म्हणतात.

रात्रभर बर्फ पडले आणि सकाळी ऊन आले, की उतरण कशी शुभ्र, मऊ दिसते! पण जाणती माणसे म्हणतात, "आज जाऊ नका." असे का? आपण पाहू या.

एक फळी घ्या. तिच्यावर बाजरीचे दाणे पसरा. वर पाट ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. पाट सर्रकन घसरेल. डोंगरावर असेच होते. जुन्या बर्फात कधी कधी साखरेसारखा सुटा थर असतो. नवे बर्फ त्यावर पाटासारखे बसते. वारा आणखी बर्फ आणून टाकतो. ओझे वाढते. मग एका माणसाचा भारही पुरतो. सारा थर तुटून खाली येतो. आपल्याकडे पावसात दरड कोसळते ना? तशी ही बर्फाची दरड. तिला हिमस्खलन म्हणतात.

8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळ जवानांचे शिक्षण चालू होते. तेव्हा अशीच दरड आली. 17 जवान दगावले.

म्हणून आम्ही सांगतो, खुणा ओळखा. उतरण कौलारू छपराएवढी किंवा त्याहून उभी आहे. पायाखाली 'धप्प' आवाज होतो. बर्फाला चीर जाते. शेजारी नुकतेच बर्फ कोसळले आहे. असे दिसले की मागे फिरावे. पायथ्याशीही थांबू नये. बर्फ पडल्यावर निदान एक-दोन दिवस धीर धरावा. खुणा तशाच राहिल्या, तर आणखी थांबावे.

गाडलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. 10-15 मिनिटांत बाहेर काढले, तर तो बहुधा वाचतो. गावातून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. सोबतीच त्याला वाचवणार. म्हणून एकट्याने जाऊ नये. प्रत्येकाजवळ ठिकाण कळवणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे असावे. धोक्याची जागा एकेकाने ओलांडावी. बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी.

आपल्या गावांतले जवानही काश्मीरच्या बर्फात पहारा करतात. त्यांना काम सोडून थांबता येत नाही. खेळायला जाणाऱ्याला मात्र थांबता येते. त्याने थांबावे.