लोखंडाचा बैल

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला जत्रा भरते. तिथे बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. घरी आणल्यावर रोज वैरण-पाणी करतो. छोटा ट्रॅक्टरही तसाच. त्यालाही रोज बघावे लागते. तो हंबरत नाही, एवढाच फरक.

शहापूर-मुरबाडकडे भाताची खाचरे लहान. मोठा ट्रॅक्टर तिथे नीट वळत नाही. पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर वळतो. पण चिखलणी हे यंत्राला जाचक काम आहे.

माझीच गोष्ट सांगतो. आषाढ होता. राबातले रोप आवणीला आले होते. चिखलणी करताना उष्णतेचा काटा तांबड्यात गेला. मी घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी हातावर उडाले. कातडी सोलून निघाली. मागून मेकॅनिक आला. दोष काय निघाला? रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवत भरले होते. ब्रशाने साफ करण्याएवढे काम! त्यापायी आठ दिवस गेले. रोप जून झाले, फुटवे कमी आले, भात कमी झाले. जन्मभर मुलांना ‘नीट वाचा’ म्हणालो. झाकणावरची सूचना मात्र मीच वाचली नव्हती.

म्हणून रोज सकाळी, यंत्र थंड असताना, पुढील कामे करावीत. आधी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. रोटाव्हेटर जमिनीवर टेका. किल्ली काढून खिशात ठेवा.

१. इंजिनाचे तेल – पट्टी ओढा, पुसा, परत घाला, पुन्हा ओढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर भर घाला.

२. रेडिएटर – पाणी बघा. जाळी साफ करा. गरम असताना झाकणाला हात लावू नका.

३. हवेची गाळणी – खालच्या वाटीतल्या तेलात माती साचली असेल तर ते काढा. वाटी धुवा. नवे तेल खुणेपर्यंतच घाला. धुळीच्या दिवसांत हे विसरू नका.

४. ग्रीस – चिखलणीनंतर यंत्र धुवा. मग ग्रीसच्या प्रत्येक तोंडात ग्रीस भरा. जुने, मळके ग्रीस बाहेर आले की पुरे.

५. पंख्याचा पट्टा – अंगठ्याने दाबा. सुमारे अर्धा इंच दबावा. फार सैल असेल तर इंजिन तापते.

६. गिअरचे तेल – आवणी संपली की बघा. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. मग ट्रॅक्टर चालवू नका. तेल आणि सील बदलून घ्या.

ब्रेक आणि डिझेलचा पंप यांना मात्र आपण हात घालू नये. ते जाणकाराचे काम. काढलेले जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवा.

आता अक्षरओळखीचा उपयोग बघा. ट्रॅक्टरवर तासांचा आकडा असतो. एक वही करा. तेल बदलले की तारीख आणि आकडा लिहा. समजा, तेल ४१२ तासांवर बदलले. पुस्तकात ‘दर २५० तासांनी’ असे लिहिले आहे. ४१२ अधिक २५० म्हणजे ६६२. त्या आकड्याला पुन्हा बदला. प्रत्येक यंत्राचे तास वेगळे असतात. आपल्या पुस्तकात असेल तेच खरे. पूर्वी हे दुसऱ्याला विचारावे लागे. आता आपले आपण वाचू शकतो.

माझ्या हातावरचा डाग अजून आहे. तुमच्या हातावर पडू नये, म्हणून हा धडा.

प्रश्न
१. रेडिएटरचे झाकण केव्हा उघडावे?
२. गिअरचे तेल पांढुरके का होते?
३. तेल ३७५ तासांवर बदलले. २५० तासांनी पुन्हा बदलायचे आहे. तेव्हा आकडा किती असेल?