‘वर्ण : निमगोरा’ या रकान्याविषयी



नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात स्त्रियांच्या सौंदर्यकल्पना आणि वसाहतकाळ या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनीने आधी हे ध्यानी घ्यावे की नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इंग्रजी अंमलाचा प्रभाव येथे थेट नव्हे, आडवाटेने आला. गोऱ्या रंगाची ओढ तर त्याहून जुनी आहे. ती सगळी साहेबाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. मात्र महाभारतातील द्रौपदी कृष्णवर्णी असूनही रूपवती ठरते, म्हणजे जुन्या आवडीत सावळ्या रंगालाही जागा होती, आणि ती जागा आक्रसली कशी, हा प्रबंधाचा खरा प्रश्न ठरतो.

ती आक्रसण्याची एक वाट मोजमापाची. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नासिकानिर्देशांकाचा, म्हणजे नाकाची रुंदी उंचीच्या किती टक्के आहे या मापाचा, जातींच्या सामाजिक स्थानाशी संबंध जोडला, आणि त्यामुळे नाकडोळ्यांच्या आवडीनिवडीला शास्त्राचा आव आला. दुसरी वाट छापखान्याची. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातून निघालेल्या, तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या स्वस्त शिळाछाप चित्रांनी युरोपीय चित्रशैलीतल्या गोऱ्यापान, नाकेल्या देवी सामान्यांच्या भिंतींवर नेल्या. हा प्रभाव मोजमापापेक्षा खोल मानावा, कारण आयुक्ताचा अहवाल फार थोड्यांनी वाचला, लक्ष्मीपुढे मात्र रोज हात जोडले गेले. पुढे १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून गोरेपणा गेला. विवाहाच्या बायोडाट्यातील वर्णाचा रकाना मात्र गेला नाही, आणि ज्या लातूरने मुलींना डॉक्टर होण्याची वाट दाखवली तेथेही तो पदवीच्या शेजारी ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ असे भरून मागतो.

पुरावे गोळा करताना होट्टल किंवा निलंगा येथील मंदिरांवरच्या सुंदरींना सावळ्या सौंदर्याचा पुरावा म्हणून उभे करू नये. काळ्या पाषाणावरून कातडीचा रंग काढता येत नाही. त्यापेक्षा किनवट-माहूरकडच्या तांड्यांतील वृद्ध स्त्रियांना गोंदणाविषयी विचारावे, घरोघरच्या ट्रंकांतील स्थळांची जुनी पत्रे मिळवून दशकवार लावावीत, आणि १९७५ च्या आधीच्या पत्रांत ‘उजळ’ हा शब्द कुणाच्या हस्ताक्षरात, कोणत्या जातीच्या घरी आणि कितपत येतो, हे पाहूनच पहिले प्रकरण लिहावे.