टाकीवर माणूस चढवण्याआधी: पट्टा, दोर आणि आकड्याचा खर्च

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला घरगुती निवास चालवायचा म्हणजे उंचावर पाण्याची टाकी आली आणि तिला उभी लोखंडी शिडीही आली. टाकी धुवायला, व्हॉल्व्ह बदलायला त्या शिडीने कुणाला तरी वर जावंच लागतं. त्याला सेफ्टी बेल्ट द्यायला हल्ली बरेच मालक तयार असतात. पण तो अडकवायचा कशात, हे ठरवलेलं नसतं. माझ्या मते पैसे आधी तिथे घालावेत.

शिडी जवळून बघा. रंग चकचकीत असला तरी दांडा उभ्या पट्टीला जिथे वेल्ड केलाय, तिथे पापुद्रा सुटलेला असतो. हातोडीने ठोका. बद्द आवाज येऊन गंजाची खपली पडली तर शिडीच बदलायची, तिथे काटकसर नको. मालवणचा खारा वारा काय करतो ते राजकोट किल्ल्यावर साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला आणि त्याच्या गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. म्हणून पट्ट्याचा हूक शिडीच्या दांड्यात अडकवू नये.

वरच्या बीममध्ये एसएस (स्टेनलेस स्टील) 316 चे दोन आकडे केमिकल अँकरने बसवून घ्या. 304 स्वस्त पडतं, पण समुद्रकाठी त्यावर तांबूस डाग येतात, पुढे बारीक खड्डे पडतात. 316 च्या दोन आकड्यांचे मजुरीसह अंदाजे चार ते सहा हजार. टाकी लोखंडी स्टँडवर असेल तर जागा अभियंत्याकडून ठरवून घ्या, त्याची फी वाचवू नका.

आकड्यांवरून शिडीलगत दोर सोडायचा आणि त्यावर रोप ग्रॅब. माणूस चढतो तसा तो सोबत सरकतो आणि पाय निसटला की दोर घट्ट धरतो. दोराची जाडी रोप ग्रॅबवर लिहिलेलीच हवी, होडीचा नायलॉन दोर चालणार नाही. वीस मीटर दोर दीड-दोन हजार, ईएन 353-2 चा रोप ग्रॅब दीड ते तीन हजार. फुल बॉडी हार्नेस आयएस 3521 चा, छातीवर कडी असलेला, दीड ते चार हजार. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नका, पडताना तो मणक्याला इजा करतो. हनुवटीच्या पट्ट्याचं हेल्मेट पाचशेपर्यंत. सगळं मिळून साधारण नऊ ते साडेपंधरा हजार, जीएसटी वेगळा.

दुकानदार शॉक अब्सॉर्बरचा दुहेरी लॅनयार्ड, म्हणजे दोन हुकांची जोडपट्टी, पुढे करील. शॉक अब्सॉर्बर उलगडून माणूस थांबेपर्यंत खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. दुमजली घराच्या शिडीवर तोवर माणूस जमिनीला लागलेला असेल. फॅब्रिकेटर शिडीभोवती गोल पिंजरा सुचवतो, पण पिंजरा पडणं थांबवत नाही. अमेरिकेत 24 फुटांवरच्या नव्या शिड्यांना नोव्हेंबर 2018 पासून नुसता पिंजरा पुरेसा मानत नाहीत.

काम झालं की हार्नेस गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. एकदा कुणी त्यात पडलं की तो कापून टाका, शिवण शाबूत दिसली तरी. आणि माणूस लटकला तर त्याला लगेच खाली कसा घ्यायचा, हे चढण्याआधी ठरवा. लटकत राहिल्याने पायांत रक्त साचून काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. म्हणून खाली दुसरा माणूस हवाच, त्याची दिवसाची मजुरी खर्चात धरा.

वर चढणाऱ्याचं बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं, वयोमर्यादा 18 ते 70. मुदत 31 मे ला संपते, तेव्हा पावसाळ्याआधीची टाकी धुण्यापूर्वीच त्याचा अर्ज भरून द्या.