कोडची ओळ आपोआप आत सरकते? आधी मजुरीचा हिशोब तपासा!



आपल्या कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात घरटी माग. मजुरी मीटरवर. समजा, तुम्ही पगाराचा हिशोब करायला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिताय. व्हीएस कोड एडिटर फुकट आहे, म्हणून तोच घेतलाय. पण एंटर मारलं की पुढची ओळ आपोआप आत सरकते. कोड पेस्ट केला की जागाच बदलते. "दिसायला वाकडं आहे, चालतंय की!" असं म्हणू नका. इथे पैसे अडकलेत.

कसे ते बघा. दर मीटरला 2 रुपये, 100 मीटरच्या वर कापड निघालं तर 20 रुपये बक्षीस. तीन कामगार : 90, 110 आणि 120 मीटर. मजुरी झाली 180, 240 आणि 260. एकूण 680 रुपये.

आता "100 पेक्षा जास्त असेल तर बक्षीस मिळव" या अटीखाली "मजुरी एकूणात मिळव" ही ओळ चुकून आत राहिली, तर पायथॉन तिला अटीचाच भाग समजतो. 90 मीटरवाला सुटला. उत्तर येतं 500. एरर काहीच नाही! वेबपेजच्या एचटीएमएलमध्ये ओळीआधीची मोकळी जागा सहसा चालून जाते, पायथॉनमध्ये तीच जागा अर्थ ठरवते.

उपाय काय?

1. कंट्रोल आणि कॉमा दाबा. सेटिंग उघडेल. वर इंग्रजीत 'ऑटो इंडेंट' शोधा. तिथे 'फुल' असतं, ते 'कीप' करा. आता एडिटर स्वतःचा अंदाज लावणार नाही, फक्त वरच्या ओळीएवढीच जागा सोडेल.

2. 'फॉरमॅट ऑन पेस्ट' शोधा. टिक असेल तर काढा.

3. अट संपली की शिफ्ट आणि टॅब दाबून ओळ बाहेर आणा. 'कीप' केलं तरी हे काम तुमचंच.

4. खाली उजवीकडे 'स्पेसेस' किंवा 'टॅब साईज' दिसेल. त्यावर क्लिक करून इंडेंटेशन स्पेसमध्ये बदला. पायथॉनमध्ये एका पायरीला 4 स्पेस हा रिवाज आहे. टॅब आणि स्पेस यांची खिचडी नको.

मग सगळं बंदच करून टाकायचं का? 'नन' निवडलं तर प्रत्येक ओळ कडेपासून सुरू होते, आणि सगळी जागा हाताने द्यावी लागते. नवख्या माणसाला 'कीप' बरं.

आजचा गृहपाठ : वरच्या तीन कामगारांचा हिशोब आधी वहीत करा, मग प्रोग्रॅम चालवा. 680 आले तरच खऱ्या पगाराला हात लावा. एक कामगार मुद्दाम 100 च्या खालचा ठेवा, नाहीतर चूक सापडणारच नाही.

एडिटर बदलेल, सेटिंग बदलेल. पण ज्याने कापड विणलं, त्याचा पैसा एका ओळीच्या जागेपायी बुडता कामा नये. धंद्यात नाव त्यानंच टिकतं.