सांबरशिंगाचा भाव विचारण्याआधी

हंगेरीत लाल हरणाची शिकार करायची तर शिकाऱ्याला शिंगांच्या वजनावर पैसे भरावे लागतात. जोडी जड तसा दर चढा. लहानखुऱ्या 'रो' हरणाचा हिशेब याहून बारीक. शिंगांच्या सरासरी लांबीच्या सेंटिमीटरचा निम्मा आकडा, वजनाच्या ग्रॅमचा दहावा भाग, पाण्यात बुडवून काढलेल्या घनफळाचा तीन दशांश, वर रंग, दाणे आणि टोकांचे गुण. बेरीज 105 झाली की कांस्य, 115 ला रौप्य, 130 ला सुवर्ण. 1930 साली स्थापन झालेल्या सीआयसी या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेच्या मोजमापात हे आकडे येतात.

हेच वाचून मनमाडच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरात टेप आणि वजनकाटा निघाला. वडील गेल्यावर माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेली सांबराची शिंगं सापडली होती. मुलाने फोटो काढले, आणि जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सॲप गटावर ते टाकायचं ठरत होतं. तेवढ्यात वनखात्यातून निवृत्त झालेले शेजारी आले. त्यांनी शिंगं उलटी करून बूड पाहिलं.

सांबर, चितळ, भेकर दरवर्षी शिंगं गाळतात. गळालेलं शिंग सुटं मिळतं आणि त्याचं बूड खरखरीत, किंचित फुगीर असतं. इथे मात्र दोन्ही शिंगं कवटीच्या करवतीने कापलेल्या तुकड्यावर घट्ट होती. ती गळालेली नव्हती, जनावराच्या डोक्यावरून उतरवलेली होती.

"भाऊ, मालकीचं प्रमाणपत्र आहे का?"

नव्हतं.

युरोपात शिकारीचा परवाना असतो, म्हणून तिथे श्रेणी आणि दर लागतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर या शिंगांचा व्यापारच बंद आहे. कितीही फाटे असोत, त्यांना कायदेशीर बाजारभाव नाही. जो कोणी फोनवर भाव सांगतो, तो समोरच्याला गुन्ह्यात ओढतो.

गळालेलं शिंग चालतं, हा समज तर घातकच. कित्येक घरांत साहाणेशेजारी सांबरशिंगाचा तुकडा असतो, दुखऱ्या छातीवर उगाळून लावायला. औषध म्हणून ठेवलं तरी कायद्याच्या व्याख्येत शिंग ते शिंगच. येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूर परिसरात काळविटांचे कळप आहेत. काळवीट शिंगं गाळत नाही, त्यामुळे माळावर त्याचं शिंग सापडलं तर जनावर मेलेलं आहे हे निश्चित. ते उचलून घरी आणणं फार महागात पडू शकतं: काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे, आणि अशा गुन्ह्याला 3 ते 7 वर्षांची शिक्षा आहे. असं काही हाती आलंच, तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं.

घरातल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करण्याची शेवटची मोठी संधी 18 एप्रिल 2003 पासून 180 दिवसांची होती. तेव्हा ज्यांनी नोंद करून प्रमाणपत्र घेतलं, त्यांच्या वारसांचं काम सोपं. वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची. घरात कुणी गेल्यावर सातबारा, पेन्शन, बँक यांच्या धावपळीत हे नेमकं राहून जातं. म्हणून प्रमाणपत्राची प्रत मृत्युपत्राबरोबरच ठेवावी.

मनमाडच्या घरात कागदच नव्हता. एका नातेवाइकाने शिंगं रात्री विहिरीत टाकायचा सल्ला दिला, दुसऱ्याने गावी हलवण्याचा. दोन्ही मार्गांनी प्रकरण चिघळलंच असतं. घरच्यांनी आधी वकील गाठला, मग वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज दिला: शिंगं कुठे सापडली, कधी, कुणाच्या समक्ष. पंचनामा झाला, शिंगं जमा झाली आणि पोच मिळाली. मुलाने काढलेले फोटोही अर्जासोबत जोडले गेले.

प्रमाणपत्र असूनही वस्तू नको असेल, तर 2022 च्या दुरुस्तीने ती सरकारजमा करण्याची सोय केली आहे. त्यासाठी कामकाजाच्या 7 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. मोबदला मिळत नाही. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक राज्यभर चालतो.