आई खाली उतरतच नाही

प्रश्न : वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर आलो. आई (वय ७२) दिवसभर गप्प असते, खाली उतरत नाही. उंचीमुळे असेल का? घर बदलावं का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : घर बदलायची घाई नको. दोष उंचीचा कमी, चाळीचा सामाईक पॅसेज गेल्याचा जास्त. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलात हे चांगलंच. पण चाळीत दार उघडं टाकलं की माणसं आपसूक भेटत, आता ठरवून भेटावं लागतं. आईंना लिफ्टची भीती वाटते का, हे आधी विचारा. बऱ्याचदा गाडं तिथंच अडतं, आणि म्हातारी माणसं ते कबूल करत नाहीत. चार दिवस सोबत जा, अलार्मचं बटण दाखवून ठेवा. जुन्या शेजारणी कुठल्या विंगमध्ये, कितव्या मजल्यावर गेल्या, ते मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. सोसायटीचा हॉल असेल तर भजनासाठी कमिटीकडे अर्ज करा. रेफ्यूज एरियात मात्र बैठक मांडू नका. आगीच्या वेळी आसऱ्यासाठी ती जागा मोकळीच हवी.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडालेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही चोवीस तास चालू असतो.